'फ्रंट लोडच घ्या' म्हणणाऱ्या मेसेजला एका मेकॅनिकचं उत्तर

भाचीनं पिंपरी-चिंचवडमधल्या मोशीत वन बीएचके घेतलाय. सातवा मजला, वर गच्ची. चावी मिळून पंधरा दिवस झालेत. परवा तिनं वॉशिंग मशीनबद्दलचा एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे खरंय का? खरं असेल तर रविवारी जाऊन घेऊनच येतो." तोच मेसेज त्या आठवड्यात मला आणखी चौघांनी पाठवला, म्हणून उत्तर सगळ्यांसाठीच लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: पहिल्या घरासाठी वॉशिंग मशीन घेताना चुकू नका. एक, फ्रंट लोडच घ्या, बाकी सगळं जुनाट. दोन, किमान नऊ किलोचं घ्या, पुढे उपयोगी पडतं. तीन, मोटरवर दहा वर्षं वॉरंटी असलेलं घ्या म्हणजे दहा वर्षं एक रुपया खर्च नाही. चार, गरम पाण्याचं बटण कधीच दाबू नका, बिल दुप्पट येतं. पाच, पावडर सढळ हातानं घाला, फेस जास्त तर कपडे जास्त स्वच्छ. सहा, जीएसटी कमी झालाय, आत्ताच घ्या.

मी सांगलीत बावीस वर्षं मशिनं दुरुस्त करतोय. विकत नाही, त्यामुळे कुणी कुठलं घेतलं यात माझा फायदा-तोटा नाही. पण ज्यांच्या डोक्यावर घराचा हप्ता नुकताच बसलाय, त्यांचे पंधरा-वीस हजार असल्या मेसेजपायी उगाच जातात, ते बघवत नाही.

"फ्रंट लोडच घ्या, बाकी सगळं जुनाट."

फ्रंट लोड, म्हणजे पुढून दार असलेलं, चांगलं मशीन आहे, यात वाद नाही. सात किलोच्या फ्रंट लोडला एका धुण्याला साधारण 50 ते 70 लिटर पाणी लागतं. तेवढ्याच कपड्यांना वरून कपडे घालायचं फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड 100 ते 150 लिटर घेतं. कपडे कमी झिजतात, पिळून जास्त कोरडे निघतात. पावसाळ्यात ड्राय बाल्कनीत दोन-दोन दिवस ओले कपडे लोंबत असतात त्या घरात हा फरक चांगलाच जाणवतो.

पण हे सगळं केव्हा? तर नळाला दाब असेल आणि पाणी हवं तेव्हा येत असेल तेव्हा. मशीनला किती दाब लागतो ते त्याच्या बुकात छापलेलं असतं, आणि ते विकत घेण्याआधी कुणी वाचत नाही. हिशोब सोपा आहे. टाकीतलं पाणी नळापेक्षा जितके मीटर उंच, त्यातल्या दर मीटरमागे 0.1 बार दाब मिळतो; बार हे दाबाचं माप. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर काळजी नाही, टाकी दहा-बारा मीटर वर असते. सगळ्यात वरच्या मजल्यावर मात्र नळापासून टाकीतल्या पाण्यापर्यंत जेमतेम तीन-साडेतीन मीटर, म्हणजे 0.3 बारच्या आसपास. पुष्कळ मॉडेलांना किमान 0.5 बार लागतो. मग मशीन नवंकोरं, आणि पाणी भरता भरता थांबून एरर दाखवतंय. असे फोन मला महिन्याला तीन-चार येतात. मशीनमध्ये दोष काही नसतो. तिथे प्रेशर पंप बसवावा लागतो, म्हणजे आणखी पाच-सात हजार.

माझा घरगुती ठोकताळा सांगतो: मशीनसाठी काढलेल्या नळाखाली दहा लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ लावा. दीड-दोन मिनिटांत भरली तर ठीक. तीन मिनिटांच्या पुढे गेली तर दुकानात जायच्या आधी प्लंबरला बोलवा.

आता 'जुनाट' सेमी ऑटोमॅटिकबद्दल, म्हणजे धुवायचा आणि पिळायचा टब वेगळा असतो त्या मशीनबद्दल. 2016 च्या एप्रिलमध्ये आमच्या मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, तेव्हा माझी थोरली बहीण लातुरात राहायची. आज मोशीत घर घेतलेली भाची तेव्हा शाळेत होती. बहिणीकडे फुल्ली ऑटोमॅटिक होतं, ते कापड टाकून बंद ठेवलेलं, कारण नळाला पाणीच नाही. शेजारच्या काकूंकडे सेमी. त्यात दोन्ही घरांचे कपडे निघायचे. घागरीनं पाणी ओतायचं, आधी शाळेचे पांढरे शर्ट, त्याच साबणाच्या पाण्यात मग रंगीत, मग चादरी, शेवटी पायपुसणी, आणि उरलेलं पाणी संडासात. असं पाणी पुन्हा पुन्हा वापरणं बाकी कुठल्या मशीनला जमत नाही. ज्या गावात तासभर पाणी येतं आणि लोक पिंपात भरून ठेवतात, तिथे मी आजही सेमीच घ्या म्हणून सांगतो. सात किलोचं दहा-बारा हजारांत येतं. त्याचा पिळायचा टबही जोरात फिरतो, कपडे टॉप लोडपेक्षा कोरडे निघतात. कष्ट आहेत, कपडे एका टबातून दुसऱ्यात उचलावे लागतात, पाठ दुखणाऱ्यांना ते नको. पण जुनाट म्हणू नका.

आणखी एक पाहिलेलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. गावभागात तळमजल्यावरची मशिनं पाच-सहा दिवस बुडालेली होती. पाणी ओसरल्यावर सेमी मशिनं आम्ही चिखल धुऊन, मोटर वाळवून, टायमर बदलून पुष्कळशी उभी केली. ज्यांच्यात इलेक्ट्रॉनिक पाट्या, म्हणजे मशीन चालवणारे सर्किट बोर्ड होते, त्यांतली बहुतेक भंगारात गेली. पूर रोज येत नाही हे मान्य. पण सांगली-कोल्हापुरात नदीकाठी तळमजला घेतलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

"किमान नऊ किलोचं घ्या."

किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचं वजन. लोकांना ते ओल्याचं वाटतं, म्हणून सगळे घाबरून मोठं घेतात. माझ्या दुकानात वजनकाटा आहे, त्यावर कपडे ठेवून पाहा म्हणतो मी गिऱ्हाइकांना. शर्ट किंवा कुर्ता पाव किलोच्या आत, जीन्स 700 ग्रॅम, टॉवेल 450, सुती साडी अर्धा किलो, डबल बेडशीट 900 ग्रॅमच्या आसपास. नवरा-बायकोचे दोन दिवसांचे कपडे धरा: चार शर्ट-कुर्ते, एक जीन्स, एक लेगिंग, दोन टॉवेल, आतले कपडे. सगळे मिळून सव्वातीन किलोपर्यंत जातात.

नऊ किलोच्या ड्रममध्ये हे सव्वातीन किलो एका बाजूला गोळा होतात. पिळताना तोल जातो, मशीन दणके देतं, थांबतं, कपडे पसरवून पुन्हा प्रयत्न करतं. वर घरातली जागा जाते, किमतीत सहा-आठ हजार जास्त जातात. दोघांना, आणि उद्या बाळ आलं तरी, साडेसहा-सात किलो पुरतं. सोलापुरी चादरी सात किलोत आरामात धुतल्या जातात. राहिली वाकळ, तर ती कुठल्याच मशीनमध्ये घालू नका, नऊ किलोच्याही नाही. पाणी पिऊन ती इतकी जड होते की फिरताना बेअरिंगचा, म्हणजे ज्यावर ड्रम फिरतो त्या भागाचा, जीव जातो. वाकळ दगडावरच धुवायची.

मोठं मशीन कुणाला हवं? सहा-सात माणसांच्या घराला, किंवा आठवड्यातून एकदाच धुणं काढणाऱ्यांना. तिथे जरूर घ्या.

"मोटरवर दहा वर्षं, म्हणजे खर्च नाही."

या मुद्द्यानं सगळ्यात जास्त लोक फसतात. बावीस वर्षांत मी मोटरी बदलल्या त्या फार थोड्या. इन्व्हर्टरच्या मोटरीला कार्बन ब्रश नसतात, झिजायला फारसं काही नसतंच. जे टिकणारच आहे त्याची हमी द्यायला कंपनीला काय जातं?

माझ्याकडे येतात त्या तक्रारी वेगळ्या. विजेचा दाब खाली-वर झाल्यानं उडालेली पाटी, म्हणजे पीसीबी. नाणं किंवा पिन अडकून बंद पडलेला, पाणी बाहेर टाकणारा ड्रेन पंप. गाळ बसलेला, पाणी आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह. फाटलेलं दाराचं रबर. आणि बेअरिंग. यांतल्या एकालाही दहा वर्षांची हमी नसते. पूर्ण मशीनची वॉरंटी पाहा, बहुधा दोन वर्षं निघेल. खालच्या बारीक अक्षरांत हे लिहिलेलं असतं. मोटरच्या हमीतही येण्याचा आणि बसवण्याचा खर्च धरलाय का, ते विचारून घ्या.

बेअरिंगवर जरा थांबतो. पिळताना मशीन विमानासारखी घरघर करायला लागलं की समजायचं, बेअरिंग गेलं. जुन्या मशिनांचा बाहेरचा टब स्क्रूनं जोडलेला असायचा. उघडायचा, नवं बेअरिंग आणि सील ठोकायचं, काम फत्ते. आता पुष्कळ फ्रंट लोडचा टब कारखान्यातच वितळवून चिकटवलेला येतो, उघडतच नाही. सहाशे रुपयांच्या बेअरिंगसाठी अख्खा टब बदलायचा, आणि खर्च नव्या मशीनच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जातो. वॉरंटी संपलेल्या घरात हे सांगताना मलाच वाईट वाटतं.

म्हणून दहा वर्षांच्या स्टिकरपेक्षा एक काम करा. जिथे राहणार त्या भागातल्या दोन मेकॅनिकना जाऊन विचारा: या मॉडेलचा टब उघडतो का, पाटी आठवड्यात मिळते का, कंपनीचा माणूस किती दिवसांनी येतो? पुण्यात दुसऱ्या दिवशी येणारा माणूस जतला आठ दिवसांनी येतो.

"गरम पाण्याचं बटण दाबू नका."

आकडाच मांडतो. फ्रंट लोडमध्ये साबणाच्या फेरीला साधारण बारा लिटर पाणी तापवावं लागतं. ते 25 अंशांवरून 40 ला न्यायला पाव युनिटपेक्षा कमी वीज लागते, 60 ला न्यायला अर्धं युनिट. ड्रम आणि कपडेही तापतात, त्याची थोडी भर धरा. युनिट बारा रुपयांचं धरलं तरी 60 अंशांची एक फेरी सहा-सात रुपये. आठवड्यातून दोनदा चादरी-टॉवेल असे धुतले तर महिन्याला पन्नास-साठ रुपये. यात बिल दुप्पट कसं होईल? उलट बटण कधीच न दाबणाऱ्यांच्या ड्रमला आतून तेलकट बुळबुळीत थर धरतो आणि धुतलेल्या कपड्यांना कुबट वास येतो. तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असलेल्या घरी तर गरम पाणी हवंच.

हीटरची खरी अडचण दुसरी आहे. तो दोन हजार वॉटच्या आसपासचा असतो, त्याला 16 अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग लागतं. बिल्डर कधी कधी ड्राय बाल्कनीत साधा 6 अँपिअरचा देऊन मोकळा होतो. त्यात कन्व्हर्टर घालून चालवलेला, काळा पडलेला, वितळलेला प्लग मी कितीदा तरी काढलाय. हे जीवावर बेतणारं आहे. वायरमन बोलावून आधी लाइन ओढून घ्या.

आणि क्षार. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर हीटरवर पांढरी खपली धरते. नळाच्या तोटीवर, बादलीच्या काठावर पांढरा थर दिसतो का पाहा. दिसत असेल तर मशीनच्या आतही तेच होणार. एक-दोन महिन्यांनी रिकाम्या ड्रममध्ये शंभर ग्रॅम लिंबूसत्व टाकून गरम पाण्याची फेरी चालवा. किराणा दुकानात मिळतं, महागडी पाकिटं आणायची गरज नाही.

"पावडर सढळ हातानं."

नाही. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. फ्रंट लोडमध्ये कपडे आपटून निघतात, आणि फेसाची गादी झाली की ते आपटतच नाहीत. फेस जिरवायला मशीन जादा पाणी घेतं, तरी साबण कपड्यांत राहतोच. हातानं धुवायची पावडर तर घालूच नका. कमी फेसाची, मशीनसाठीची घ्या आणि पुड्यावर लिहिलंय तेवढीच.

"जीएसटी कमी झालाय, आत्ताच घ्या."

वॉशिंग मशीनवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला तो 2018 च्या जुलैमध्ये. 22 सप्टेंबर 2025 पासून जी कपात झाली ती एसी, मोठे टीव्ही आणि भांडी धुण्याच्या मशीनवर. कपड्यांचं मशीन आधीच 18 टक्क्यांत होतं, तिथेच राहिलं. मेसेज लिहिणाऱ्यानं डिशवॉशर आणि वॉशिंग मशीन एकत्र केलंय. घाई करायचं कारण नाही.

भाचीला मी मशीनचं नाव सांगितलंच नाही. बादली लाव म्हटलं, सॉकेट बघ म्हटलं, सोसायटीत पाण्याचं विचार म्हटलं. पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी, त्यामुळे त्यांच्याकडे टँकर येतातच, पाणी जड म्हणजे क्षारांचं आहे. पण वरच्या दोन मजल्यांसाठी गच्चीवर प्रेशर पंप बसवलेला निघाला, बादली सव्वा मिनिटात भरली. सॉकेट 6 चा होता, तो बदलून घेतला. शेवटी तिनं फ्रंट लोडच घेतलं, सात किलोचं, जवळच्या मेकॅनिकला विचारून. तिच्या घराला ते बसतं.

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नव्हती, ती तिला फोनवर सांगितली. फ्रंट लोडच्या पाठीमागे तीन-चार लांब बोल्ट असतात, वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून. ते न काढता मशीन सुरू केलं तर पहिल्याच पिळण्यात ते बाल्कनीभर नाचतं आणि आतून मोडतं. बसवायला आलेला माणूस घाईत असला तर विसरतो. तू समोर उभी राहून काढून घे, आणि टाकू नको, घर बदलताना पुन्हा लावावे लागतील.

काल तिचा फोटो आला. वॉरंटी कार्ड, बिल आणि चार बोल्ट, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात.