राज्यघटनेवर काजळी

इथे अमेरिकेत नेमबाजीच्या रेंजवर जाणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी एका मित्राने परवा मोठ्या कौतुकाने नवी मॅट दाखवली. पिस्तूल साफ करताना खाली अंथरायची, जाड, वरून कापड आणि खालून रबर. वस्तू कामाची आहे. टेबलावर चरे पडत नाहीत, साफ करायचं सॉल्व्हंट खाली झिरपत नाही, स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग ठेवताना ठणकन आवाज होत नाही. माझं भांडण वरच्या चित्राशी आहे.

पिवळट चर्मपत्र, त्यावर वळणदार अक्षरांत ‘वी द पीपल’, मागे तेरा चांदण्यांचा झेंडा आणि मधोमध दुसरी घटनादुरुस्ती, म्हणजे नागरिकाच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काची. झकास दिसतं, पण इतिहासाची पार खिचडी.

‘वी द पीपल’वालं चर्मपत्र म्हणजे अमेरिकेची मूळ राज्यघटना, १७८७ ची. जेकब शॅलस नावाच्या कारकुनाने ते हाताने लिहिलं, मजुरी ३० डॉलर. त्या चार पानांत नागरिकाने शस्त्र बाळगण्याच्या हक्काबद्दल अवाक्षर नाही. शस्त्रांचा विषय निघतो तो मिलिशिया म्हणजे नागरिकांची फौज सज्ज करण्याच्या काँग्रेसच्या (इथल्या संसदेच्या) अधिकारापुरता. हक्कांची सनदच नाही म्हणून तेव्हा लोकांनी बोंब मारली. मग १७८९ मध्ये काँग्रेसने बारा कलमांचा वेगळा मसुदा राज्यांकडे पाठवला आणि त्यातली दहा कलमं १५ डिसेंबर १७९१ रोजी मंजूर झाली, त्याच पहिल्या दहा घटनादुरुस्त्या. आज जिला ‘दुसरी’ म्हणून छातीवर मिरवतात, ती त्या मूळ मसुद्यात चौथी आहे! आधीची दोन कलमं तेव्हा अडकली, म्हणून ही वर सरकली. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ही दोन्ही दफ्तरं आजही वेगवेगळी आहेत. मॅटवाल्याने दोन्ही एकत्र शिवून टाकली.

बरं, एवढा आदर आहे तर त्यावर करायचं काय? तेल सांडायचं, बॅरलमधून निघालेल्या काळ्याकुट्ट चिंध्या टाकायच्या. इथल्या ध्वजसंहितेत झेंडा उशी, रुमाल, कागदी नॅपकिन असल्या वस्तूंवर नको, असं लिहिलंय. शिक्षा काही नाही, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही. आपल्याकडे शिवरायांची राजमुद्रा छापलेल्या फडक्याला कुणी काजळीचे हात पुसले, तर त्याला गल्लीत राहू देतील का? इथे मात्र ती मॅट घेणारा माणूसच पक्का देशभक्त ठरतो. मला हे कोडं अजून सुटलेलं नाही.

आणि मुख्य म्हणजे कामालाही ती गैरसोयीची. त्या शाईच्या नक्षीत बारीक पिन पडली की बसा शोधत. आमचा मित्र एक स्प्रिंग चक्क ‘जस्टिस’ या शब्दावरून उचलत होता, तीही टॉर्च लावून.

साधी फिकट राखाडी घ्या, नाहीतर तुमच्याच पिस्तुलाच्या सुट्या भागांची आकृती छापलेली घ्या, जोडताना कामाला येते. चित्र कुठलंही असो, तिच्यावर शिशाची भुकटी बसतेच. तेव्हा पोरं जेवतात त्या टेबलावर ती अंथरू नका आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये तर मुळीच धुऊ नका.