घोडा बुजतो तेव्हा कुत्र्याचा हेतू कोण विचारतो?

कुरणात कुत्रा आणि घोडा एकमेकांभोवती बागडतायत असा एखादा गोड व्हिडिओ, आणि त्याखाली एक उपदेश. ही जोडगोळी पुन्हा पुन्हा फिरत असते. उपदेश थोडक्यात असा: फिरायला नेलेल्या कुत्र्याला वाटेत घोडा, गाय, मेंढरं दिसली तर त्याला आवरू नका. शेपूट हलवतोय म्हणजे त्याला फक्त ओळख करून घ्यायचीय. कुत्रा आणि घोडा हजारो वर्षांचे सोबती, जनावरं जनावरांचं बघून घेतात. दोरीने ओढून तुम्हीच त्याला चिडका करता. आणि फारच जवळ गेला तर एक लाथ बसेल, आयुष्यभराचा धडा मिळेल.

यातलं एक वाक्य निम्मं खरं आहे. त्याकडे येतोच, पण आधी शेपटी.

शेपटी हलते ती कुत्रा उत्तेजित झाला म्हणून. उत्तेजना कसली, हे शेपटी एकटी सांगत नाही. 2007 साली इटलीतल्या संशोधकांनी कुत्र्यांच्या शेपटीचे कोन मोजले. मालक दिसला की ती उजवीकडे जास्त झुकत होती, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. म्हणजे हलत दोन्ही वेळा होती. रस्त्यावर कुणी कोन मोजत बसणार नाही, म्हणून बाकीचं अंग बघावं. कंबर सैल आहे का, तोंड उघडं आहे का, की तोंड मिटून, मान खाली घालून, अंग ताठ करून त्याने घोड्यावर नजर रोखलीय? हे दुसरं चित्र ओळख करून घेण्याचं नव्हे.

हे शिकारीचं पहिलं पाऊल आहे. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या अभ्यासक दांपत्याने कुत्र्यांच्या शिकारी वर्तनाची साखळी मांडून दाखवली: चाहूल घेणं, टक लावणं, दबकत पुढे सरकणं, पाठलाग, पकडून चावणं, मग ठार करणं. माणसाने वेगवेगळ्या जाती घडवताना या साखळीतल्या काही कड्या ठळक केल्या आणि काही पुसट. बॉर्डर कॉलीत टक, दबकणं आणि पाठलाग अतोनात वाढवलेले, चावा दाबलेला. गुरं हाकणाऱ्या हीलर जातींत टाचेला चावा घेणं मुद्दाम राखलेलं. कळपाच्या राखणदार कुत्र्यांत जवळजवळ सगळीच साखळी निद्रिस्त. त्यामुळे ‘माझा कुत्रा प्रेमळ आहे’ हे खरं असूनही इथे गैरलागू ठरतं. मेंढरामागे धावणाऱ्या कुत्र्याच्या मनात द्वेष नसतोच, त्याला मजा येत असते. पाठलाग हे स्वतःच बक्षीस आहे, म्हणून एकदा पळत सुटलेल्या कुत्र्याला खिशातला बिस्किटाचा तुकडा परत आणत नाही. घरात, अंगणात हाकेसरशी येणारा कुत्रा इथे बहिरा होतो, आणि मालकाला वाटतं तो मुद्दाम ऐकत नाही.

आता समोरच्याची बाजू घेऊ, कारण त्या उपदेशात ती कुठेच नाही. घोडा हा भक्ष्य म्हणून उत्क्रांत झालेला प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळपास 350 अंशांचं दिसतं, पण शेपटीच्या बरोबर मागे आणि कपाळाच्या अगदी समोर आंधळी जागा राहते. मोकळा कुत्रा नेमका मागून येतो, वेगाने येतो, भुंकत गोल फिरतो, म्हणजे दिसेनासा होऊन पुन्हा भलत्याच बाजूने उगवतो. लांडगा याहून वेगळं काय करतो? घोड्यासाठी निर्णय क्षणाचा असतो. तो बुजतो, उधळतो किंवा दुगाण्या झाडतो. पाठीवर माणूस असेल तर 400 ते 500 किलोच्या उधळलेल्या जनावरावरून तो कठीण जमिनीवर पडतो, आणि कुत्र्याने कुणाला स्पर्शही केलेला नसतो. ‘काही करत नाही हो तो’ असं लांबून ओरडणारा मालक त्या स्वाराच्या काय उपयोगाचा?

त्या व्हिडिओंबद्दल मात्र मी तुच्छतेने बोलणार नाही. पिसा विद्यापीठातल्या संशोधकांचा 2020 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असल्याच व्हिडिओंवर आधारलेला होता. कुत्रा आणि घोडा खेळताना सैल, उघड्या तोंडाचा खेळकर चेहरा करतात आणि एकमेकांच्या चेहऱ्याची झटकन नक्कलही करतात, असं त्यांना दिसलं. सुंदर गोष्ट आहे. पण त्यांनी निवडलेच होते ते खेळाचे व्हिडिओ. असा खेळ होऊ शकतो एवढं त्यातून कळतं. अनोळखी वाटेवर, अनोळखी घोड्याशी, पाठीवर खोगीर आणि माणूस असताना काय होईल, हे त्यातून कळत नाही. शिवाय जिथे गोष्ट बिघडली तिथे कुणी संगीत लावून व्हिडिओ टाकत नाही.

हजारो वर्षांच्या सोबतीचा मुद्दा लवकर आटोपतो. बग्गीबरोबर धावणारे डाल्मेशियन होते, शिकारीत घोड्यांबरोबर धावणारे हाउंड होते, सगळं खरं. ते कुत्रे पागेच्या आसपास वाढायचे आणि त्या घोड्यांनाही त्यांची सवय केलेली असायची. पूर्वजांची ओळख वारसाहक्काने मिळत नाही. पिल्लू साधारण 3 ते 12 आठवड्यांचं असताना लांबून, शांतपणे घोडे दिसत राहिले तर पुढे फायदा होतो हे नक्की. पण त्यातून साधायचं काय, तर घोडा दिसला तरी त्याला विशेष काही वाटू नये. प्रत्येक घोड्याजवळ नेऊन नाकाला नाक लावू दिलेलं पिल्लू मोठेपणी प्रत्येक घोड्याकडे धाव घेतं.

आता ते निम्मं खरं वाक्य. दोरी कायम ताणून धरली, घोडा दिसताच मालकाने श्वास रोखून झटका दिला, ओरडला, तर कुत्रा चिडतो आणि घोडा दिसणं म्हणजे काहीतरी वाईट होणं, अशी सांगड घालतो. विजेचे झटके देणारे पट्टे याच कारणाने मला पटत नाहीत. पण यावर उपाय दोरी सोडणं हा कसा? अंतर वाढवा. कुत्रा घोड्याकडे बघूनही तुमच्याकडे वळू शकतो इतकं लांब जा, तिथे त्याला खाऊ द्या, वळण्याचं कौतुक करा, आणि अंतर दिवसांच्या हिशोबाने कमी करा, मिनिटांच्या नाही. वाटेत स्वार आला तर बाजूला व्हा, पण झुडपाआड नको, कारण आडोशाला थबकलेली आकृती घोड्याला दबा धरल्यासारखी वाटते. दिसेल असं उभं राहा, कुत्र्याला घोड्याच्या विरुद्ध बाजूला घ्या, स्वाराशी दोन शब्द बोला. माणसाचा आवाज ऐकून घोडा निवळतो. आपोआप गुंडाळणारी बारीक दोरी अशा वेळी टाळलेलीच बरी, ती घोड्याच्या पायांत अडकली तर सगळ्यांचंच वाटोळं.

लाथेच्या धड्याबद्दल काय बोलावं! कुत्र्याचा जबडा किंवा कवटी फुटू शकते. वाचलाच, तर घोड्यांना आयुष्यभर घाबरेल किंवा घाबरून त्यांच्यावर धावून जाईल.

मेंढरांच्या बाबतीत तर चावाही लागत नाही. नुसत्या पाठलागाने कळप कुंपणाशी एकमेकांवर चढतो, खालची गुदमरतात, गाभण मेंढ्या नंतर गाभडतात. कुत्रा तोवर घरी जाऊन झोपलेला असतो. अंतरावरूनही नुकसान होतं: कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा हा परजीवी चाऱ्यात गेला तर गायी गाभडू शकतात. उलट दिशेनेही धोका आहे. नुकतंच आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध दिलेल्या घोड्याची लीद खाणं कॉली जातीच्या काही कुत्र्यांच्या जिवावर बेतू शकतं. एका जनुकातल्या बदलामुळे ते औषध त्यांच्या मेंदूत पोचतं. त्यामुळे कुरणातून जाताना विष्ठा उचला आणि लीद चाखू देऊ नका.

दोरी सोडायची वेळ एकच, आणि ती गायीची. वासराबरोबरची गाय कुत्र्याला पाहून अंगावर येते तेव्हा तिचा राग त्याच्यावर असतो, आणि दोरी धरून उभा असलेला माणूस मधे चिरडला जातो. अशा वेळी दोरी टाका. कुत्रा गायीपेक्षा वेगाने पळतो. तुम्ही त्याला जवळ बोलावू नका, नाहीतर तो गायीला सोबत घेऊनच येईल. जवळच्या फाटकाकडे निघा, आणि त्याला हाक मारायची ती कुंपणापलीकडे गेल्यावर.