‘डीबगर सिग्नलने थांबवतो हे चूक आहे’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचली, मग तुम्ही सांगितलेले प्रकार एकेक करून स्वतः चालवून बघितले, म्हणून उत्तराला वेळ लागला. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की लिनक्सवर डीबगर (प्रोग्रॅम थांबवून त्यातल्या चुका शोधायचं साधन) चालू प्रोग्रॅमला सिग्नलच्या, म्हणजे सिस्टिमकडून येणाऱ्या छोट्या सूचनेच्या, मदतीने थांबवतो आणि प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागत नाही. तुम्ही म्हणताय हे साफ चूक आहे. तुमच्या एका प्रोग्रॅमने सिगइंट (कंट्रोल-सीने जाणारा सिग्नल) इग्नोर केलाय तरी जीडीबी या डीबगरमध्ये कंट्रोल-सी दाबलं की तो थांबतो, मग सिग्नलचा संबंध काय? दुसरा तुमचा सर्व्हर, तो सिगइंट ब्लॉक करतो, तिथे मात्र कंट्रोल-सी दाबलं की डीबगर नुसता बघत बसतो आणि सर्व्हर व्यवस्थित बंद होऊन जातो. रिकाम्या लूपमध्ये फिरणारा प्रोग्रॅम कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, कधी हाकच मारत नाही, तो सिग्नल बघणार कधी? आणि शेवटचं, चालू प्रोग्रॅमला डीबगर जोडल्यावर, म्हणजे अटॅच केल्यावर, तुमच्या ईपोल-वेट या वाट बघणाऱ्या कॉलने ईइंटर (काम मधेच तुटलं) हा एरर परत दिला, म्हणजे प्रोग्रॅमला पत्ता लागतोच.

शेवटचा मुद्दा तुमचा शंभर टक्के बरोबर आहे, त्यावर खाली येतो. पण पहिल्या दोन अनुभवांवरून तुम्ही जो निष्कर्ष काढलाय तो मला पटत नाही, उलट ते दोन्ही अनुभव एकाच गोष्टीने सुटतात, फक्त मूळ लेखात ती गोष्ट मी दोन ओळींत उरकली होती ते बरं झालं नाही.

गोष्ट अशी की डीबगर जोडलेला असताना सिग्नल थेट प्रोग्रॅमच्या हातात पडत नाही. कर्नल सिग्नल आधी रांगेत टाकतो आणि प्रोग्रॅमचा थ्रेड (चालणाऱ्या कोडचा एक धागा) कर्नलमधून परत आपल्या कोडकडे निघाला की दारात बघतो, याच्या नावाने काही आलंय का. आलं असेल आणि पीट्रेस या कर्नलच्या सोयीने कुणी त्याच्यावर नजर ठेवून असेल, तर हँडलर (सिग्नल आल्यावर चालायचं प्रोग्रॅमचं फंक्शन) चालवण्याआधी, इग्नोर करायचंय का हे बघण्याच्याही आधी, कर्नल त्या थ्रेडला तिथेच उभा करतो आणि डीबगरला उठवतो. डीबगर तिकडे वेटपीआयडी या वाट बघणाऱ्या कॉलमध्ये झोपलेला असतो, तो कॉल परत येतो आणि त्यात लिहिलेलं असतं की अमुक थ्रेड थांबलाय, सिग्नल नंबर २. आता पुढचं डीबगरच्या हातात. तो प्रोग्रॅम पुढे चालू करताना तोच नंबर देऊ शकतो, शून्य देऊन सिग्नल गिळून टाकू शकतो, वाटलं तर दुसराच नंबरही देऊ शकतो. जीडीबी सिगइंट बाय डीफॉल्ट गिळतो, म्हणून तुमचा सिगइंटचा हँडलर डीबगरखाली चालत नाही, आणि तो चालवून बघायचा असेल तर हँडल कमांडने ‘पास’ सांगावं लागतं. या दारातल्या थांब्याला एकच सिग्नल जुमानत नाही तो म्हणजे प्रोग्रॅमला सरळ मारणारा सिगकिल, नंबर ९, तो डीबगरला विचारत नाही.

आता तुमचा पहिला प्रोग्रॅम. एरवी इग्नोर केलेला सिग्नल कर्नल रांगेत घेतच नाही, तिथल्या तिथे फेकतो, पण थ्रेडवर डीबगर असेल तर मुद्दाम घेतो, कारण डीबगरला तो बघायचा असू शकतो. म्हणजे सिग्नल दारापर्यंत येतो, थ्रेड थांबतो, डीबगरला कळतं. थांबवलं सिग्नलनेच.

दुसरा प्रोग्रॅम म्हणजे खरी मेख आहे आणि इथे इग्नोर आणि ब्लॉक या दोन शब्दांची गल्लत होतेय. ब्लॉक केलेला सिग्नल फेकला जात नाही, तो पेंडिंग म्हणून पडून राहतो आणि ब्लॉक आहे तोपर्यंत दारात येतच नाही, मग थांबा कुठून होणार? तुमचा सर्व्हर तर सिग्नल-एफडी वापरतो, म्हणजे तो पडून असलेला सिगइंट फाइल वाचावी तसा स्वतःच वाचून घेतो. सिगवेट या कॉलचंही तसंच. सिग्नल मागच्या दाराने परस्पर प्रोग्रॅमला मिळतो, प्रोग्रॅम म्हणतो बंद करायला सांगितलंय, आवराआवर करतो आणि बाहेर पडतो, आणि जीडीबीत तुम्हाला ‘एक्झिटेड नॉर्मली’ दिसतं. हे तुमच्या सर्व्हरचं वेगळेपण नाही, अशा पद्धतीने लिहिलेला कुठलाही प्रोग्रॅम असंच करेल, कारण कंट्रोल-सी दाबल्यावर टर्मिनल सिगइंट पाठवतं ते पुढे बसलेल्या (फोरग्राउंड) प्रोसेस ग्रुपला, आणि जीडीबीने प्रोग्रॅम सुरू करताना त्याला वेगळा ग्रुप देऊन पुढे बसवलेलं असतं. कळ तुम्ही जीडीबीच्या खिडकीत दाबता पण सिग्नल जातो प्रोग्रॅमला.

हे डोळ्याने बघायचं असेल तर प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसची स्टेटस फाइल उघडा. त्यात सिगबीएलके नावाची, ब्लॉक केलेल्या सिग्नलची ओळ आहे, हेक्समधला लांबलचक आकडा, बहुतेक सगळी शून्यं. तुमच्या सर्व्हरमध्ये फक्त सिगइंट ब्लॉक असेल तर शेवटी २ दिसेल, कारण नंबर २ च्या सिग्नलचा बिट उजवीकडून दुसरा. पहिल्या प्रोग्रॅममध्ये या ओळीत सगळी शून्यं असतील आणि तोच २ सिगआयजीएनच्या, म्हणजे इग्नोर केलेल्या सिग्नलच्या, ओळीत असेल. दोन फाइली शेजारी ठेवून बघितल्या की तुमच्या दोन्ही अनुभवांतला फरक एका आकड्यात दिसतो. त्याच फाइलमध्ये ट्रेसरपीआयडी म्हणून ओळ आहे, नजर कोण ठेवून आहे त्याचा नंबर, आणि प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या पीएस कमांडमध्ये अशा थांबलेल्या प्रोसेसपुढे लहान लिपीतला टी दिसतो, सिगस्टॉप या थांबवणाऱ्या सिग्नलने नुसत्या थांबलेल्यापुढे कॅपिटल टी. इतकी वर्षं पीएस बघूनही हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता, कळला तेव्हा खरंच आनंद झाला होता.

सर्व्हर थांबवायचाच असेल तर दुसऱ्या टर्मिनलमधून त्याला किल कमांडने सिगस्टॉप पाठवा. सिगस्टॉप ब्लॉक करता येत नाही, हँडलही करता येत नाही, त्यामुळे तो दारात येणारच आणि जीडीबी तो पकडणारच. फक्त मग नुसतं कंटिन्यू करू नका, कारण सिगस्टॉप जीडीबी बाय डीफॉल्ट पुढे पास करतो आणि प्रोग्रॅम परत थांबल्यासारखा दिसेल, त्याऐवजी ‘सिग्नल ०’ ही कमांड द्या, म्हणजे तो गिळला जाईल.

रिकाम्या लूपचा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला. प्रोग्रॅमने कर्नलला हाक मारली नाही तरी कर्नलला त्याच्याकडे यायला वाट असते, ती म्हणजे हार्डवेअर इंटरप्ट. लूप प्रोसेसरच्या दुसऱ्या कोरवर फिरत असेल तर सिग्नल रांगेत टाकणारा कोर त्या कोरला इंटरप्टचा एक धक्का देतो. धक्का बसला की तो कोर हातातलं काम जिथल्या तिथे ठेवून कर्नलमध्ये शिरतो, आणि परत निघताना दार लागतंच. तो धक्का नसता तरी टायमरचा इंटरप्ट येत असतोच, पण मग तेवढी वाट बघावी लागली असती. म्हणूनच रिकामा लूप थांबवला की तो अगदी कुठल्याही इन्स्ट्रक्शनवर थांबलेला सापडतो. उलटी अडचण असते ती कर्नलमध्येच गाढ झोपलेल्या प्रोसेसची, पीएसमध्ये डी दिसते ती, डिस्ककडून उत्तर आल्याशिवाय ती दाराकडे फिरकत नाही आणि तोवर डीबगरही ताटकळतो.

ब्रेकपॉइंटबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत पण तिथेही हेच दार आहे म्हणून सांगतो. इंटेल प्रकारच्या प्रोसेसरवर डीबगर त्या जागेचा पहिला बाइट काढून तिथे हेक्समधला सीसी बसवतो. प्रोसेसर तिथे पोचला की ट्रॅप होतो, कर्नल त्याचा सिगट्रॅप बनवतो, नंबर ५, आणि पुढे सगळं वरच्यासारखं. फरक एवढाच की हा सिग्नल कर्नल सक्तीने देतो, तो ब्लॉक करून ठेवला तरी उपयोग नाही. याचा मला एकदा चांगलाच फटका बसलाय. चालू सर्व्हरला अटॅच होऊन ब्रेकपॉइंट लावला, कंटिन्यू केलं, जीडीबी अडकल्यासारखा वाटला म्हणून त्यालाच किल-९ केलं. सर्व्हर मजेत चालू राहिला, मला वाटलं सुटलो. अर्ध्या तासाने तो त्या फंक्शनपर्यंत पोचला आणि मेला, एक्झिट कोड १३३, म्हणजे १२८ अधिक ५. तो सीसी मेमरीत तसाच राहिला होता आणि आता सिगट्रॅप झेलायला दारात कुणी नव्हतं. तेव्हापासून अटॅच केलेल्या डीबगरला मी कधीच असं मारत नाही, आधी डिटॅच.

विंडोजवर सिग्नल नाहीत, तिथे डीबगर प्रोसेसमध्ये एक नवा थ्रेड घुसवून त्याच्याकडून ब्रेकपॉइंटची इन्स्ट्रक्शन चालवून घेतो. माझा लेख लिनक्सबद्दलच होता पण मी तसं स्पष्ट लिहिलं नव्हतं, ती ओळ आता टाकलीय.

आणि राहिला ईइंटर. ‘प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही’ हे मी लिहायलाच नको होतं. बरेचसे कॉल, म्हणजे पाइप किंवा सॉकेटवरचं साधं रीड वगैरे, थांबून सुरू झाल्यावर कर्नल गुपचूप पुन्हा सुरू करतो, पण ईपोल-वेट त्यात बसत नाही, सेमॉप हा कॉलही नाही. हँडलर एकही लावलेला नसला तरी हे कॉल ईइंटर देतात, मॅन पेजमध्ये तसं लिहिलेलं आहे आणि लिहिण्याआधी मी ते वाचायला हवं होतं. शिवाय घड्याळ काही थांबत नाही, तुम्ही व्हेरिएबल बघत बसलात की तेवढ्यात समोरच्याचा टाइमआउट होऊन कनेक्शन तुटतं आणि मग तुम्ही भलताच बग शोधत बसता. तुमच्या सर्व्हरमध्ये ईइंटर आला की तोच कॉल परत करायचा, ही दुरुस्ती डीबगरसाठी म्हणून नाही तर एरवीही करून ठेवा, कुणी नुसतं सिगस्टॉप आणि मग पुन्हा चालू करणारा सिगकाँट पाठवलं तरी ती जागा फुटणार आहे. मूळ लेखातलं ते वाक्य काढून टाकलंय आणि तिथे तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केलाय. सर्व्हरची सिगबीएलकेची ओळ काय दिसते ते मात्र नक्की कळवा, २ च्या जागी दुसरा आकडा असेल तर आणखी कुठले सिग्नल ब्लॉक आहेत ते मिळून बघू.