क्रुसाची वाट गल्लीतूनच जाऊ दे

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा आमचा उपवासकाळ सुरू झाल्यापासून, आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच वाद चालू आहे. मुंबईत मरोळच्या गावठाणात उपवासकाळात शुक्रवारी संध्याकाळी आमच्या गल्लीतून क्रुसाची वाट निघते, म्हणजे येशूच्या मरणयात्रेतले चौदा प्रसंग आठवत, एकेका स्थानापाशी थांबून प्रार्थना करत जायची मिरवणूक. चौदा स्थानं, चौदा दारं. ज्याच्या दारापुढे स्थान येईल त्याने टेबल मांडायचं, पांढरी चादर घालायची, क्रूस, मेणबत्त्या आणि फुलं ठेवायची. हल्ली काही दारांवर दिव्यांच्या माळाही लागतात. माझ्या भाचीने ग्रुपवर सरळ लिहिलं: हे सगळं थांबवा. फुलांचे, माळांचे आणि माईकच्या भाड्याचे पैसे गोळा करा आणि डायलिसिसवर असलेल्या शेजाऱ्याला द्या. प्रभूला तेच आवडेल. थोरल्या काकांनी तिला झापलं. आजा-पणज्यांनी चालवलेलं मोडणारी तू कोण, असं विचारलं. मग तिने मला विचारलं, "मामा, तू दुबईतून काय म्हणतोस?"

एका ओळीत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून इथे लिहितो आहे.

पवित्र सप्ताहातल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातल्या, सोमवारी मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) बायबलमधल्या योहानाच्या बाराव्या अध्यायातलं शुभवर्तमान वाचतात. बेथानीत लाजराच्या घरी जेवण चाललं आहे. त्याची बहीण मरीया जटामांसीचं अस्सल, महागडं तेल घेऊन येते, येशूच्या पायांना लावते आणि आपल्या केसांनी ते पाय पुसते. घरभर वास दरवळतो. तेव्हा येशूला पुढे धरून देणारा त्याचा शिष्य यहूदा इस्कर्योत म्हणतो, हे तेल तीनशे दिनारांना विकून ते पैसे गोरगरिबांना का दिले नाहीत? एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे जवळजवळ वर्षभराची कमाई त्या बाईने एका संध्याकाळी ओतून टाकली.

भाचीला मी यहूदाच्या रांगेत बसवत नाही. यहूदाच्या हाती सगळ्यांच्या पैशांची थैली होती आणि तो त्यातलं चोरायचा, असं योहानच सांगतो. भाचीच्या मनात तो शेजारी खरोखर आहे. पण तिचा प्रश्न तोच आहे आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. येशू म्हणाला, गरीब नेहमीच तुमच्याजवळ असतील. ते वाक्य जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातलं आहे आणि तिथे त्याला लागूनच आज्ञा येते की, म्हणून गरिबासाठी आपला हात सैल सोड. ऐकणाऱ्या यहुद्यांना पुढचा भाग पाठ असणार. येशूने तेल आणि गरीब यांतलं एक निवडायला सांगितलंच नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी माणूस मोजून खर्च करत नाही, एवढंच त्याने त्या बाईच्या बाजूने मान्य केलं.

काकांनाही मला काही सांगायचं आहे. जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय उघडून बघा. लोक उपास करतात, मान लववतात, गोणपाट अंथरून राखेत बसतात आणि त्याच दिवशी मजुरांना राबवून घेतात, म्हणून देव त्यांचा उपास नाकारतो. मला हवा तो उपास कोणता? बेड्या तोडणं, भुकेल्याला आपली भाकरी वाटून देणं, उघड्याला पांघरूण घालणं. चादर इस्त्रीची असली आणि शेजाऱ्याची चौकशी नसली, तर काका, भाची बरोबर आहे.

आता दुबईबद्दल. ऊद मेथाच्या सेंट मेरीज चर्चसाठी जमीन दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी दिली आणि चर्च १९६७ साली उघडलं. आज ते जगातल्या मोठ्या पॅरिशमध्ये (धर्मग्रामांमध्ये) गणलं जातं. क्रुसाची वाट तिथेही होते, पण आवारातच. भिंतीबाहेर रस्त्यावर ती येत नाही. मल्याळी नर्सेस, फिलिपिनो सेल्सगर्ल्स, गोव्याचे क्लार्क, साईटवरून थेट आलेले तमिळ कामगार असे सगळे खांद्याला खांदा लावून उभे असतात. २०२१ पर्यंत शुक्रवार हाच सुटीचा दिवस होता, त्यामुळे गुड फ्रायडे आपोआप मोकळा मिळायचा आणि ईस्टरच्या रविवारी आम्ही ऑफिसात असायचो. २०२२ पासून शनिवार-रविवार सुटी झाली आणि गणित उलटलं. आता ईस्टरला सुटी असते आणि प्रभूच्या मरणाच्या दिवशी माझी हजेरी लागते. मुंबईत गुड फ्रायडेची सुटी कॅलेंडरवर लाल अक्षरात छापून येते. तिची किंमत मला इथे कळली.

२०२५ मध्ये रमजान १ मार्चला लागला आणि राखेचा बुधवार ५ मार्चला आला. महिनाभर दोन्ही उपास बरोबरीने चालले. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा पेशावरचा सहकारी पहाटेपासून पाण्याचा थेंब घेत नव्हता. संध्याकाळी मशिदीजवळच्या तंबूत अनोळखी मजुरांना इफ्तार वाढायला जायचा आणि तिथूनच नमाजाला. उपास, प्रार्थना आणि दान यांना त्याने कधी वेगळं केलं नाही. आमच्याकडेही ते वेगळे नाहीत. राखेच्या बुधवारी मत्तयाचा सहावा अध्याय वाचतात. त्यात दानधर्म, प्रार्थना आणि उपास ओळीने येतात. मरोळच्या वादात मात्र काकांनी प्रार्थना घेतली आणि भाचीने दान. उपास कुणीच घेतला नाही. (शुक्रवारी मटण बंद म्हणून पापलेट आणि कोळंबी आणायची, हा उपास नव्हे. चर्चने मांस वर्ज्य केलं, पण मासळीवर वाढलेल्या आपल्या घरांत सोडायची ती मासळीच. आमच्या आईच्या हातची डाळ आणि पेज, बस्स.)

भाची मत्तयाचा तोच अध्याय माझ्यापुढे ठेवेल, हे मला ठाऊक आहे. खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तपणे प्रार्थना कर, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. मग गल्लीत मिरवणूक कशाला? दाराआडची प्रार्थना मी इथे इतकी वर्षं करतो आहे. ती उणी नाही, तिने मला सांभाळलं आहे. पण भिंतीच्या आत जो येऊ शकतो तोच येतो. डबल शिफ्टवाला येत नाही. लेबर कॅम्पातून बसचे पैसे नसलेला येत नाही. अंथरुणाला खिळलेला तर नाहीच. आमच्या गल्लीतली वाट स्वतः चालत लोकांच्या दारी जाते. आजी शेवटची चार वर्षं खाटेवर होती, तेव्हा तिची खाट खिडकीपाशी सरकवलेली असायची. बाहेर गुडघे टेकल्याचा आवाज आला की ती कपाळावर क्रूस काढायची. तिला चर्चला कुणी नेऊ शकत नव्हतं. दर शुक्रवारी चर्च तिच्याकडे यायचं.

फुकट गेलेल्या प्रेमाचा मरोळला तसा जुना सराव आहे. जेझुइट धर्मगुरूंनी १५७९ साली जवळच बांधलेलं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च १८४० च्या साथीनंतर ओस पडलं आणि लोक मरोळला येऊन राहिले. १९७३ नंतर ते अवशेष सीप्झ या निर्यात औद्योगिक वसाहतीच्या कुंपणात गेले. छप्पर नाही, भिंतींतून झाडं उगवली आहेत, गेटवर पहारा असतो. तरी दरवर्षी मे महिन्यात सणाच्या दिवशी लोक ओळख पटवून आत जातात आणि उघड्या आभाळाखाली मिस्साला उभे राहतात. त्यातून कुणाचं पोट भरत नाही. तरीही ते बंद करा असं भाचीनेदेखील कधी म्हटलेलं नाही. लहानपणी ती माझ्या खांद्यावर बसून तिथे आलेली आहे.

तेव्हा माझं म्हणणं असं. वाट गल्लीतूनच जाऊ दे. पाचवं स्थान, जिथे कुरेनेकर शिमोन येशूचा क्रूस उचलतो, ते या वर्षी डायलिसिसवाल्या शेजाऱ्याच्या दारी मांडा. त्यांची तयारी असेल तरच, आधी विचारून. आठवड्यातून तीनदा त्यांना रिक्षाने हॉस्पिटलला कोण नेईल, याची पाळी त्याच दारात ठरवा आणि नावं लिहून घ्या. दिव्यांच्या माळा यंदा नकोत. फुलं राहू देत, आपल्या कुंडीतली. मासळीचे वाचलेले पैसे कुणाच्या हाती द्यायचे ते भाचीने ठरवावं, माझे मी तिलाच पाठवतो आहे.

माईकच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे भाचीच्या बाजूचा आहे. उपवासकाळ येतो तो नेमका बारावी-दहावीच्या परीक्षांच्या दिवसांत. गल्लीत मुलं अभ्यासाला बसलेली असतात आणि त्यातली निम्मी आपली नाहीत. दहा फुटांच्या गल्लीत माईक कुणासाठी? काकांचा आवाज चौदाव्या स्थानापर्यंत खणखणीत पोहोचतो. काका, तुम्हीच पुढे राहून म्हणा.