गुरुदत्त दाखवताय? आधी पडद्याच्या कडा बघा

२०२५ हे गुरुदत्तचं जन्मशताब्दी वर्ष. त्यानिमित्ताने महोत्सव लावणाऱ्यांचं कौतुकच आहे, पण बैठकीत पाहुण्यांच्या शाल-श्रीफळावर तासभर चर्चा होते आणि प्रोजेक्शन मात्र 'हॉलवाला बघेल' म्हणून सोडून दिलं जातं. तिथेच माती होते.

'आर पार', 'मिस्टर अँड मिसेस ५५', 'प्यासा' हे सगळे १.३७:१ चे (रुंदी : उंची), म्हणजे चौरसाच्या जवळ जाणारी चौकट. आजचा पडदा आडवा. तो भरून दिसावा म्हणून चित्र १.८५ पर्यंत फुगवलं की वरखालून मिळून उंचीचा चौथा हिस्सा गेला. गुरुदत्त आणि छायालेखक व्ही. के. मूर्ती यांचे क्लोजअप मुळातच घट्ट असतात, त्यामुळे कपाळ किंवा हनुवटी यांपैकी काहीतरी उडणारच. काही जण कापत नाहीत, चित्र आडवं ताणतात. वहिदा रेहमान अचानक गोलमटोल दिसली की समजायचं. डीसीपी (थिएटरात चालवायची डिजिटल फाइल) नीट केलेली असेल तर १९९८×१०८० च्या चौकटीत मधोमध १४८०×१०८० चं चित्र आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात. 'पट्ट्या का येतायत?' असं कुणीतरी विचारणारच. सुरुवातीला दोन वाक्यांत सांगून टाका, पण पट्ट्या घालवू नका.

'कागज के फूल' (१९५९) चं दुखणं बरोबर उलटं. हा आपला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चौकटीचा चित्रपट. 'वक्त ने किया' आठवा. रिकामा स्टुडिओ, वरून तिरका उतरलेला उजेडाचा झोत आणि एकमेकांपासून लांब उभी असलेली दोघं. मूर्तींनी हा झोत आरशांनी बाहेरचं ऊन आत वळवून मिळवला होता. कडा कापल्या की दोघांमधलं अंतरच जातं, आणि गाणं तर त्या अंतराचंच आहे. प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला असेल किंवा दाराजवळचा लाल-हिरवा दिवा पडद्यावर पडत असेल, तर काळं राखाडी होतं आणि झोत विरून जातो. आदल्या दिवशी चाचणी याच गाण्याची घ्या, ट्रेलर लावून काही कळत नाही.

आवाज मूळचा मोनो, म्हणजे एकाच वाटेचा आहे, तो फक्त मधल्या स्पीकरमधून येऊ द्या. पाचही वाटांनी सोडला की गीता दत्त टाकीतून गातेय असं वाटतं. जुन्या टीव्ही कॉपीवरून फाइल केली असेल तर वेग सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमचा असू शकतो. अडीच तासांच्या चित्रपटातली सहा मिनिटं गायब होतात, आणि स्वर चढतो तो वेगळाच.

क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे: पहिल्या दिवशी 'प्यासा' नको. तो आधी दाखवला की प्रेक्षक पुढे सगळीकडे दुःखी कवीच शोधत बसतात. 'आर पार'ने सुरुवात करा, लोकांना हसू दे. 'जाल' (१९५२) सहसा वगळतात, पण त्याची गोष्ट गोव्याच्या कोळीवस्तीत घडते. निदान पणजी-मडगावच्या मंडळींनी तरी तो लावावा.

आणि फलक छापण्याआधी श्रेयनामावली वाचा. 'चौदहवीं का चाँद' एम. सादिक यांचा, 'साहिब बीबी और गुलाम' अबरार अल्वींचा. या दुसऱ्या चित्रपटाच्या दिग्दर्शनाचा वाद जुना आहे, पण फिल्मफेअर अल्वींनाच मिळालं. गुरुदत्तच्या नावापुढे तिथे 'निर्माता, अभिनेता' लिहा. जागा तेवढीच लागते.