युनेस्को आपले किल्ले बांधून देणार नाही

माझे मामा दर वर्षी दिवाळीनंतर गडसंवर्धनाचे काम करणाऱ्या मुलांना वर्गणी देतात. यंदा दिली नाही. का, म्हणून विचारले तर त्यांनी फोनच पुढे केला. "महाराष्ट्राचे १२ किल्ले युनेस्कोच्या ताब्यात गेले. जतनाचा सगळा खर्च आता युनेस्को करणार, कोट्यवधींचा निधी आला आहे. एकदा यादीत गेलेला किल्ला कायमचा सुरक्षित. गडाच्या नावाने वर्गणी मागणाऱ्यांना आता दारात उभे करू नका." हाच मजकूर माझ्याकडेही आला होता. वाचून सोडून दिला, ते चुकले.

जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी महाराष्ट्रातले ११. बारावा जिंजी, तो तमिळनाडूत. एवढेही न तपासता लिहिणाऱ्याने पुढे पैशांबद्दल काय लिहिले असेल?

ज्या १९७२ च्या करारातून ही यादी निघाली, त्याचे कलम ४ काढून वाचा. वारसास्थळाचे रक्षण आणि जतन ही मुळात त्या त्या देशाची जबाबदारी, आणि ती त्याने आपल्या साधनांनिशी शक्य तितकी पार पाडायची. भारताने हे १९७७ मध्ये मान्य केले आहे. कलम २५ आणखी स्पष्ट आहे: बाहेरची मदत खर्चाच्या काही भागापुरतीच, मोठा वाटा ऐपत असलेल्या देशाने स्वतः उचलायचा.

वारसा निधी नावाची गोष्ट आहे, नाही असे नाही. पण तो मुख्यतः सदस्य देशांच्याच वर्गणीतून भरतो, म्हणजे आपणही त्यात पैसे घालतो. साऱ्या जगासाठी मिळून तो वर्षाला साधारण ३०-४० लाख डॉलर. २०२५ मध्ये यादीतली स्थळे १,२४८. पैसे असे सारखे वाटत नाहीत, संकटातली स्थळे आणि गरीब देश आधी येतात. तरी एकदा भागाकार करून बघा. एका स्थळाच्या वाट्याला साधारण तीन हजार डॉलर, म्हणजे अडीच-पावणेतीन लाख रुपये. आणि आपले बाराही किल्ले मिळून यादीत एकच स्थळ आहेत! एका गडाला वीस-बावीस हजार. तेवढ्यात ढासळत्या बुरुजाला परांचीही नीट बांधून होणार नाही.

अजिंठा-वेरूळला परदेशी पैसा आला होता, असे मामा म्हणाले. आला होता, खरे आहे. पण तो जपानने दिला, युनेस्कोने नव्हे, आणि ते कर्ज होते. कर्ज फेडावे लागते.

माझा खरा संताप वर्गणीच्या ओळीवर आहे. यादीत १२ किल्ले आहेत, सह्याद्रीत शेकडो. कित्येकांना ना केंद्राचे संरक्षण, ना राज्याचे. तिथे तटात पिंपळ रुजतो, मुळे चिऱ्यांच्या सांध्यांत शिरतात, पावसाळ्यात तट फुगतो आणि एक दिवस कोसळतो. रोप हातभर असताना काढले तर काम तासाभराचे. खोड झाले की तट उतरवून पुन्हा रचावा लागतो. टाक्यांतला गाळ उपसणे, वाटेवरचा झाडोरा काढणे, हे रविवारी घमेली घेऊन चढणारी मुले करतात. दोर, पहार, गाडीभाडे, जेवण एवढाच त्यांचा खर्च. मोठी डागडुजी त्यांनी करायची नाहीच. ती पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली, चुन्यातच झाली पाहिजे. जुन्या दगडात सिमेंट भरले की ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. त्या कामाला सरकारी निधीच लागतो आणि तो मागायचा आपल्या आमदाराकडे. "युनेस्को बघेल" म्हटल्याने वर्गणीही बंद होते आणि ही मागणीही.

ताब्याचे म्हणाल तर त्याच कराराच्या कलम ६ मध्ये देशाचे सार्वभौमत्व शाबूत आहे. साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे होते, अजूनही आहेत. बाकीचे आठ केंद्राकडे. बांधकामावर बंधने येतात, ही भीती मात्र पोकळ नाही. पन्हाळ्यासारख्या वस्तीच्या गडावर घराचे छप्पर बदलतानाही माणूस धास्तावतो. पण केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढचे २०० मीटर नियंत्रण, हा आपल्याच संसदेचा कायदा आहे आणि तो २०१० पासून आहे.

"कायमचा सुरक्षित" तर अजिबात नाही. नदीवर नवा पूल बांधला म्हणून जर्मनीतले ड्रेस्डेन २००९ मध्ये यादीतून गेले, तर गोदीकाठच्या नव्या बांधकामांमुळे इंग्लंडमधले लिव्हरपूल २०२१ मध्ये.

पर्यटक वाढतील, हे मला मान्य आहे, आणि गडाखालच्या गावांना त्यातून रोजगार मिळावा असे मनापासून वाटते. पण पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवरची गर्दी पाहिलेल्या कुणालाही विचारा, स्वच्छतागृह, कचरा, वाहनतळ, कठडे यांचा खर्च पर्यटक यायच्या आधी करावा लागतो.

मामांना कलम ४ आणि २५ मराठी करून पाठवले. रात्री त्यांचा फोन आला, मुलांचा खाते क्रमांक मागत होते.