चिखल पुढच्याचा, गाडी माझी

या हंगामात मी एकूण ५२ मिनिटं शर्यतीत गाडी चालवली आणि ६० तास ती धुतली. हा हिशेब बायकोचा आहे. तिने तो फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावून ठेवलाय, त्यामुळे 'मी हल्ली रेसिंग करतो' असं ज्यांना सांगायचं असतं, त्यांना मी स्वयंपाकघराकडे फिरकू देत नाही.

मातीवरची शर्यत बाहेरून फार सोपी दिसते. पाव मैलाचा, म्हणजे साधारण ४०० मीटरचा लंबगोल ट्रॅक, वर चिकणमाती, तिच्यावर पाणी मारलेलं. गाड्या गोल गोल फिरतात आणि प्रत्येक वळण डावीकडेच असतं. मला हे फारच आवडलं होतं. मी आयुष्यभर चौकाचौकात 'डावं की उजवं?' या प्रश्नाने पछाडलेला माणूस. इथे तो प्रश्नच नाही! पहिल्याच सरावात कळलं, की डावीकडे वळायचं असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं असतं.

यात कुणी माझी थट्टा करत नव्हतं. वळणात शिरताना ॲक्सिलरेटर दाबला की मागच्या चाकांची मातीवरची पकड सुटते आणि गाडीचं बूड बाहेर धावायला लागतं. ते थेट पुढे येऊन गाडी भिंगरीसारखी फिरू नये म्हणून पुढची चाकं उलट बाजूला धरायची. म्हणजे गाडी जाते डावीकडे, तोंड तिच्याहून डावीकडे, चाकं उजवीकडे, आणि चालवणारा बघतो बाजूच्या खिडकीतून. अनुभवी माणसं हे एका हाताने करतात. माझ्या मेंदूला ते पटायला सात आठवडे लागले आणि त्या सात आठवड्यांत मी ट्रॅककडे पाठ करून बरंच काही पाहिलं: प्रेक्षक, रुग्णवाहिका, जिथून आलो ते वळण.

त्यातून गाडीही सरळमार्गी नाही. मागची दोन्ही चाकं एकाच आसाला जखडलेली, आणि उजव्या टायरचा घेर डाव्यापेक्षा मुद्दाम मोठा. तोंडाला रुंद आणि बुडाला निमुळता पेला जमिनीवर आडवा ढकलला तर तो गोल फिरतो, तेच तत्त्व. ट्रॅकवर याचा उपयोग होतो. ट्रॅकबाहेर, ट्रेलरवर चढवताना, चौघांनी मागून ढकललेली गाडी मुकाट्याने डावीकडे जाते आणि शेजाऱ्याच्या टूलबॉक्सवर थांबते. शेजारी म्हणजे पलीकडच्या पिटमधले, म्हणजे गाडी उभी करून दुरुस्त करायच्या जागेतले काका. त्यांनी पहिल्या दिवशी टूलबॉक्स हलवला, दुसऱ्या दिवसापासून स्वतःची गाडीच आमच्या उजव्या हाताला लावायला लागले.

दारं वेल्डिंग करून बंद केलेली असतात. आत खिडकीतून जायचं. हा विषय मी इथेच सोडतो.

माझ्या कारकिर्दीतला सर्वांत यशस्वी भाग शर्यतीपूर्वीचा. टँकर पाणी मारून गेला की माती मऊ, उखडलेली असते. ती दाबून बसवायला सगळ्या गाड्यांना हळूहळू ट्रॅकवर फिरवतात. थोडक्यात, आपण रोड रोलर. ना कुणी ओव्हरटेक करत, ना गरागरा फिरत. मी इतका समरस होऊन माती दाबायचो, की एकदा झेंडेवाल्याने येऊन काच नसलेल्या खिडकीतून सांगितलं, 'आता बास, बाकीचे कधीच आत गेले.'

मग शर्यत, आणि चिखल. ओल्या मातीवर पुढची गाडी मागच्या चाकांनी जो फवारा उडवते, तो सगळा मागच्याच्या तोंडावर येतो. त्यासाठी हेल्मेटच्या काचेवर पारदर्शक फिती लावलेल्या असतात, एकावर एक. काच माखली की वरची फीत ओढून फेकायची, खाली स्वच्छ फीत हजर. माझ्याकडे पाच होत्या. पहिल्या शर्यतीत पहिल्याच फेरीत समोर अंधार झाला आणि मी घाबरून एक ओढली. हातात दोन आल्या. दुसऱ्या फेरीत आणखी दोन. तिसऱ्या फेरीत शेवटची. उरलेल्या पाच फेऱ्या मी आवाजावर चालवल्या. वास्तविक मी काहीच करायला नको होतं. चौथ्या फेरीत बाकीचे सगळे इतके पुढे निघून गेले होते, की चिखल येणं आपोआप बंद झालं.

पण जेवढा यायचा तेवढा येऊन गेला होता. पिटमध्ये परतल्यावर गाडीचा रंग कोणता होता हे फोटो बघून ठरवावं लागलं. चिकणमाती वाळली की विटेसारखी होते, म्हणून ती ओली असतानाच खरवडायची. चाकांच्या रिंगांच्या आत जी माती भरते तिने चाकाचा तोल जातो आणि पुढच्या फेरीत गाडी हिवताप आल्यासारखी थरथरते. ती टाळायला काहीजण रिंगेत फोमच्या चकत्या बसवतात. मी घरातलं उलथनं नेलं. लांब दांड्याचं, पातळ पात्याचं. रिंगेच्या कपारीत असं काही बसतं, की ते धिरड्यासाठी बनवलंय यावर विश्वास बसू नये. बायकोने पहिल्या आठवड्यात विचारलं, 'उलथनं पाहिलंस का?' दुसऱ्या आठवड्यात विचारलं नाही. कागद फ्रिजवर लागला तो त्याच आठवड्यात.

काकांनी एकदा माझं खरवडणं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, 'चिखल नेहमी पुढच्याचा असतो.' मला वाटलं अध्यात्म आहे. मी मान डोलावली.

पिवळ्या झेंड्याबद्दल सांगायलाच हवं. कुणी ट्रॅकवर फिरून अडकला की पिवळा झेंडा दाखवतात, सगळे एका रांगेत रांगतात, आणि ज्याच्यामुळे झेंडा निघाला त्याला रांगेच्या शेवटी पाठवतात. मी मुळात शेवटीच असल्यामुळे या शिक्षेचा माझ्यावर काहीच परिणाम होत नसे. माझ्या मते ही नियमातली त्रुटी आहे. आयोजकांनाही तसंच वाटलं असावं, कारण एकाच शर्यतीत दोनदा पिवळा झेंडा काढायला लावणाऱ्याने सरळ घरी जायचं, हा नियम आमच्या इथे लगेच पुढच्या आठवड्यात आला.

अशा रात्री मी थोरामोठ्यांच्या दुःखात आधार शोधायचो. अमेरिकेत लँगहॉर्न नावाचा मातीचा ट्रॅक होता, एक मैलाचा, जवळजवळ पूर्ण वर्तुळ. सरळ रस्ता नाहीच, सतत वळण. तिथल्या एका खडबडीत उताराला चालकांनी चक्क ओकारीच्या खळग्याचं नाव दिलं होतं. आणि नॅस्कार, म्हणजे तिथली मोटारशर्यती भरवणारी बडी संस्था! त्यांच्या मुख्य मालिकेने १९७० नंतर मातीचं नाव काढलं नव्हतं. २०२१ मध्ये त्यांनी ब्रिस्टलच्या काँक्रीटच्या ट्रॅकवर ट्रकच्या ट्रक माती आणून ओतली. मग पाऊस आला आणि रविवारची शर्यत सोमवारी घ्यावी लागली. हे मी बायकोला मोठ्या उमेदीने सांगितलं. ती म्हणाली, 'पण सोमवारी कुणीतरी जिंकलंच ना?' जिंकला होता, जोई लोगानो.

गाडी विकून मोकळं व्हावं असंही मनात येऊन गेलं. स्वीडनमध्ये फोकरेस नावाचा प्रकार आहे. पैसेवाल्यांनी महागड्या गाड्या आणून मजा घालवू नये म्हणून तिथे प्रत्येक गाडी ठरलेल्या किमतीला विकायची तयारी ठेवावी लागते, कुणी मागितली तर नाही म्हणता येत नाही. आमच्याकडे हा नियम फक्त जिंकणाऱ्याच्या इंजिनापुरता. तरी मी पूर्ण हंगाम कागदपत्रं खिशात बाळगली. कुणी मागणी घातली नाही. उपवर होऊन वीस वर्षं झालेल्या नवऱ्यामुलासारखी गाडी आपली पिटमध्ये उभी.

बाराव्या आणि शेवटच्या रात्री, प्राथमिक फेऱ्या संपल्यावर, चालकांच्या घरच्यांची आठ फेऱ्यांची शर्यत होती. गंमत म्हणून. बायको माझा सूट चढवून, बाह्या दुमडून, खिडकीतून आत गेली. पहिल्या प्रयत्नात. मी पट्टे आवळता आवळता उलट स्टिअरिंगचं तत्त्व समजावायला लागलो.

'ते माहितीये,' ती म्हणाली. 'तू रोज आतून जातोस. आतली माती सगळ्यांनी घासून गुळगुळीत केलेली असते, म्हणून घसरतोस. बाहेरच्या कडेला भुसभुशीत बांध साचलाय ना, त्याला मागचं चाक टेकवून जायचं.'

'हे तुला कुणी सांगितलं?'

'बारा आठवडे मी तिथे वर बसून काय करत होते?'

चिठ्ठ्यांत तिला पहिल्या रांगेत जागा मिळाली. पुढचं मी नीट पाहिलं नाही, कारण पहिल्या दोन फेऱ्या मी डोळे मिटून घेतले होते आणि पुढे सगळे उभे राहिल्यामुळे काही दिसलं नाही. काका मात्र ओरडत होते आणि ते माझ्यासाठी कधीच ओरडले नव्हते.

ती परत आली तेव्हा मी सवयीने पाण्याची नळी सोडून, उलथनं घेऊन तयार होतो. गाडीभोवती एक चक्कर मारली. चाकांत थोडी माती होती. बॉनेटवर काहीच नव्हतं. गाडीचा रंग निळा आहे. हेल्मेटच्या काचेवर पाचही फिती जागच्या जागी होत्या. मी काकांकडे पाहिलं. ते स्वतःची गाडी खरवडण्यात मग्न असल्यासारखं दाखवत होते.

'झालं का खरवडून?' बायको म्हणाली. 'मग दे ते इकडे.' आणि उलथनं पुसून पिशवीत घातलं.

फ्रिजवरच्या कागदावर आता खाली एक नवी ओळ आहे. चालवणं: २ मिनिटं ३२ सेकंद. धुणं: २० मिनिटं. पहिल्या आकड्यापुढे तिचं नाव आहे. दुसऱ्यापुढे माझं.